आधी चूक, मग खेळ: प्राथमिक वर्गात ऑनलाइन शैक्षणिक खेळ कसे वापरायचे

तिसरीतल्या एका मुलाला मी ‘तीनशे पाच’ लिहायला सांगितलं. त्याने पाटीवर लिहिलं ३००५. त्याच्या शेजारणीने ३५ लिहिलं. दोघांनाही आपलं बरोबर आहे याची खात्री होती, आणि दोघांचं चुकण्याचं कारण वेगळं होतं. मुलाने कानांनी जे ऐकलं ते तसंच्या तसं उतरवलं, आधी तीनशे, मग पाच. मुलीला दशकाच्या जागी काहीच ऐकू आलं नाही, म्हणून तिने ती जागाच सोडून दिली.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या माझ्या मराठी प्राथमिक शाळेत आम्ही दोघी शिक्षिका आणि चार इयत्ता आहोत. भिंतीवर एक टीव्ही, एक लॅपटॉप आणि माझा स्वतःचा फोन एवढी सामग्री. सुरुवातीला मी उलट्या क्रमाने जायचे. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा खेळ पाठवायचं, तो छान वाटायचा, मी वर्गात लावायचे, मुलं आनंदाने ओरडायची आणि तास संपायचा. दुसऱ्या दिवशी पाटीवर पुन्हा ३००५. त्यानंतर मी क्रम बदलला. आधी मुलांची चूक हेरायची आणि त्या चुकीसाठी खेळ शोधायचा. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एका बदलावर उभं आहे.

पहिली पायरी: आठवड्यातली एकच चूक निवडा

सोमवार ते बुधवार वह्या तपासताना एक कागद जवळ ठेवा. ‘गणितात कच्चे’ असं त्यावर लिहू नका, त्याचा काही उपयोग होत नाही. ‘मधलं शून्य गाळतात, सात मुलं’ असं लिहा. ‘ऱ्हस्व-दीर्घ’ असं मोघम न लिहिता ‘शेवटची वेलांटी ऱ्हस्व काढतात, पाणी, गाणी, राणी’ असं लिहा. चूक जितकी बारीक शब्दांत मांडाल तितका खेळ शोधणं सोपं जातं. पुष्कळदा तेव्हाच लक्षात येतं की या चुकीला खेळाची गरजच नाही, फळ्यापाशी पाच मिनिटं पुरे आहेत. तसं असेल तर खेळ सोडून द्या.

दुसरी पायरी: हाताशी काय आहे त्यावरून साधन ठरवा

प्रत्येक मुलाच्या हातात टॅब असेल असं धरून लिहिलेल्या सूचना आमच्यासारख्या शाळांना लागू पडत नाहीत. म्हणून मी साधनांची विभागणी उपकरणांवरून करते.

एकच फोन आणि इंटरनेट असेल तर प्लिकर्स हे मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं साधन. यात मुलांच्या हातात यंत्र नसतं, कागदाचं कार्ड असतं. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी चौकटी नक्षी असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून त्याने कार्ड धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं उत्तर काय ते फोनवर उमटतं. नक्षी प्रत्येकाची वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही. लाजणारी मुलंही उत्तर देतात, कारण हात वर करून बोलावं लागत नाही. कार्डं साध्या कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, त्यावर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. कार्ड कडेला धरायचं, बोटं नक्षीवर आणायची नाहीत, एवढं पहिल्या दिवशी दोन-तीनदा करून घ्यावं लागतं.

तीन-चार फोन किंवा टॅब जमत असतील तर कहूत हा प्रश्नमंजुषेचा खेळ गटांमध्ये खेळता येतो. नॉर्वेत तयार झालेला हा खेळ २०१३ पासून आहे. प्रश्न मोठ्या पडद्यावर दिसतो आणि उत्तरासाठी लाल त्रिकोण, पत्त्यांतल्या चौकटसारखा निळा आकार, पिवळं वर्तुळ, हिरवा चौरस अशी बटणं असतात. मात्र त्याची मूळ रचना वेगावर गुण देते, आणि प्राथमिक वर्गात हे घातक आहे. वेग हवा म्हटलं की विचार करणारं मूल हरतं आणि अंदाजाने बोट मारणारं जिंकतं. म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या सेटिंगमध्ये जाऊन गुण बंद करा आणि वेळ वाढवा. वेळ चार मिनिटांपर्यंत वाढवता येते. मी साधारण दीड मिनिट ठेवते आणि पार्श्वसंगीताचा आवाज बंद करते. मोफत खात्यात एका वेळी किती खेळाडू चालतात ही मर्यादा बदलत असते, पण गट केले की तो प्रश्न उरत नाही. आमच्या गटांची नावं माड, फणस, काजू आणि भिरंड (कोकम) अशी आहेत.

इंटरनेट भरवशाचं नसेल तर दोन गोष्टी आधीच उतरवून ठेवा. एक, जी-कॉम्प्री. २००० साली सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यात शंभराहून जास्त खेळ आहेत: मोजणी, घड्याळ, नाणी, टँग्रॅम, माउस धरायचा सराव. जाहिरात नाही, पैसे नाहीत. दोन, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा गणित-विज्ञानाच्या सिम्युलेशन्सचा, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायच्या प्रयोगांचा संच. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, आणि प्रत्येक फाइल पेन ड्राइव्हवर घेतली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते. चौथीला अपूर्णांक शिकवताना ‘बिल्ड अ फ्रॅक्शन’ टीव्हीवर लावा आणि एकेका मुलाला पुढे बोलावून तुकडे जोडायला लावा. १/३ पेक्षा १/४ मोठा, कारण ४ मोठा, असं म्हणणारं मूल स्वतःच्या हाताने दोन्ही तुकडे शेजारी ठेवतं तेव्हा त्याचं त्यालाच कळतं.

वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग आहे. २०१९ मध्ये ते भारतात ‘बोलो’ या नावाने आलं. मूल मोठ्याने वाचतं, पडद्यावरची दिया ऐकते आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवते. मराठी गोष्टी आहेत आणि एकदा उतरवल्या की नेट लागत नाही. पण आमच्याकडे पावसात त्याचा उपयोग होत नाही. जून-जुलैत छपरावर पाऊस कोसळायला लागला की मुलाचा आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचतच नाही, बरोबर वाचलेलाही शब्द चुकीचा ठरतो आणि मूल हिरमुसतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुट्टीनंतर, पाऊस ओसरला की मी ते सुरू करते.

तिसरी पायरी: आधी स्वतः पूर्ण खेळा, मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन

ही पायरी बहुतेक जण गाळतात. खेळ शेवटपर्यंत खेळा आणि मुद्दाम चुका. चुकलेल्या मुलाला खेळ काय सांगतो ते बघा. नुसता लाल फुलीचा आवाज करून पुढे जात असेल तर तो खेळ परीक्षा घेतो, शिकवत नाही. योग्य उत्तर का योग्य ते दाखवत असेल तर तो ठेवा.

जाहिरातींसाठी किमान पंधरा मिनिटं खेळून बघा. एकदा एका मोफत अ‍ॅपमध्ये बेरजेच्या खेळाच्या मधोमध पैशांच्या पत्त्यांची जाहिरात टीव्हीभर झळकली. समोर पहिली-दुसरीची मुलं बसली होती. मी घरी पाचच मिनिटं खेळून पाहिलं होतं, तेव्हा ती आली नव्हती.

मग भाषा बघा. गोव्यातल्या मराठी शाळेत हा विषय जरा खोलात जाऊन समजून घ्यायला हवा, कारण आमची बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात. चित्र बघून शब्द निवडायच्या खेळात पेल्यातलं पाणी दाखवलं की पहिलीतलं मूल ‘उदक’ म्हणतं, कुत्रा दिसला की ‘सुणो’, मासा दिसला की ‘नुस्तें’. मुलाला वस्तू ओळखता आली आहे, अर्थ कळला आहे, शब्दही आहे. खेळ मात्र त्याला चूक म्हणतो. अशा वेळी शिक्षकाने बाजूला उभं राहून ‘बरोबर, घरी उदक म्हणतो, पुस्तकात पाणी म्हणतो’ हे म्हणायलाच हवं. नाहीतर मुलाला वाटतं की आपल्या घरातलीच भाषा चुकीची आहे. मी तर दोन्ही शब्दांच्या जोड्या लावायचा खेळ वर्डवॉल या खेळ तयार करायच्या संकेतस्थळावर करून ठेवला आहे, आंबो-आंबा, घोडो-घोडा, माजर-मांजर. पहिलीतली मुलं तो पुन्हा पुन्हा मागतात.

अंकांचंही तसंच. वर्गात देवनागरी अंक गिरवलेल्या मुलांसमोर बाहेरचे खेळ इंग्रजी अंक ठेवतात. इंग्रजी नवाचा आकार आपल्या १ सारखा दिसतो. पहिली-दुसरीत त्यामुळे जे घोटाळे होतात ते गणिताचे नसतात, लिपीचे असतात. खेळाआधी दोन्ही अंकांची पट्टी टीव्हीखाली चिकटवून ठेवली की पुरतं.

चौथी पायरी: प्रश्न स्वतः लिहा, आणि चुकीचे पर्याय जास्त विचाराने लिहा

तयार प्रश्नसंच हजारो मिळतात. मी सहसा वापरत नाही. चार पर्यायांतला योग्य पर्याय कुणीही लिहील, पण उरलेले तीन लिहायला आपल्या वर्गातली मुलं माहीत असावी लागतात.

‘तीनशे पाच’ या प्रश्नाला मी ३०५, ३००५, ३५०, ३५ असे पर्याय दिले. ३००५ निवडणारा कानाने लिहितो. ३५ निवडणारा रिकामी जागा सोडून देतो. ३५० निवडणाऱ्याला शून्य हवं हे कळलं आहे, कुठे ते कळलेलं नाही. चौथा पर्याय म्हणून ८१२ असं काहीतरी टाकलं असतं तर त्यातून मला काहीच कळलं नसतं.

मराठी संख्यानामांत अशा चुकांची खाणच आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर, म्हणून मुलं ३६ लिहितात. पर्यायांत ३६ हवाच. ‘एकोणऐंशी’ ऐकलं की ‘ऐंशी’ पकडून ८९ लिहितात, काही जण ८१. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला, तो याच अडचणीवरून. माझं मत असं की आपली संख्यानामं सोडायची गरज नाही, पण ती अवघड आहेत हे कबूल करून त्यांचा सराव जास्त द्यायला हवा, आणि खेळ त्यासाठी उत्तम आहे. इंग्रजीतून आलेला कुठलाच खेळ ‘एकोणऐंशी’चा सराव देणार नाही, तो आपणच तयार करायचा.

एका वेळी सहा प्रश्न पुरे. पहिले दोन सगळ्यांना येतील असे ठेवा.

टाइप करताना एक काळजी घ्या. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिकेतून मजकूर उचलून चिकटवला तर पडद्यावर अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडमध्येच लिहा. टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडा, माइकचं बटण दाबा आणि प्रश्न बोलून लिहा, मग जोडाक्षरं तपासा.

परिसर अभ्यासासाठी तर घराभोवतीच प्रश्न आहेत. चवथीच्या आदल्या आठवड्यात माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर फळं-रानफळं बांधून सजवतात त्या चौकटीवर, प्रश्नसंच करा: कवंडाळ, तोरिंगण, आंबाडे, चिबूड, सुपारीचा कात्रो (घड), वाघनखी यांतलं वेलीवर काय, झाडावर काय, रानातलं काय, कुळागरातलं (माडा-पोफळीच्या बागेतलं) काय. फोटो मुलांकडूनच मागवा. राज्यप्राणी गवा, म्हादई नदी गोव्यात येते कुठून, जुवारी नदी कुठे उगम पावते, हे प्रश्न तयार संचांत सापडत नाहीत.

पाचवी पायरी: वीज आणि नेट जाणारच असं धरून तयारी

२०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्यातली मुलं नेटवर्क शोधत डोंगरावर चढून बसायची, हे आम्ही विसरलेलो नाही. आता परिस्थिती सुधारली आहे, तरी वाऱ्यापावसात फांदी तारांवर पडली की वीज गेलीच. लॅपटॉप आणि फोन आदल्या रात्री चार्ज करा. शाळेत वर्गातली कुठली जागा नेटवर्क धरते ते एकदा शोधून ठेवा. आमच्याकडे ती पूर्वेकडच्या खिडकीचा कट्टा आहे, हॉटस्पॉटचा फोन तिथेच राहतो.

सगळ्यात महत्त्वाचं, तेच सहा प्रश्न वहीत हाताने लिहिलेले असू द्या. प्रत्येक मुलाकडे लाल, निळा, पिवळा, हिरवा असे चार कागद द्या. वीज गेली की प्रश्न मोठ्याने वाचा, डोळे मिटायला सांगा आणि तीन म्हणताच रंग वर. मुलांना यातही तितकीच मजा वाटते.

सहावी पायरी: तासाची आखणी

४० मिनिटांच्या तासात पडदा पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या (आताच्या शिक्षण मंत्रालयाच्या) २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं सांगितली होती, तीही शाळा बंद असताना. मुलं समोर बसलेली असताना इतकं लागत नाही.

पहिली दहा मिनिटं पडदा बंद. ‘तीनशे पाच’च्या दिवशी मी माडाचे हीर, म्हणजे झावळ्यांच्या काड्या, वाटले. मुलांनी दहा-दहाचे गठ्ठे बांधले, दहा गठ्ठ्यांचा एक मोठा भारा केला. मग पंधरा मिनिटं खेळ. प्रत्येक प्रश्न मी स्वतः दोनदा वाचते, कारण सगळ्यांचा वाचनाचा वेग सारखा नसतो. उत्तरं आली की योग्य पर्याय लगेच दाखवत नाही. किती जणांनी काय निवडलं एवढंच दाखवते, नावं नाही, आणि विचारते, ‘३००५ कुणाला का वाटलं असेल?’ सगळं शिकणं या प्रश्नात होतं. त्या दिवशी ज्याने ३००५ लिहिलं होतं तोच उठला आणि म्हणाला, ‘टीचर, तीनशे पयली लिवपाचे आनी मागीर पाच’, म्हणजे आधी तीनशे लिहायचे आणि मग पाच. मी म्हटलं, मग हीर मांडून दाखव. त्याने तीन मोठे भारे ठेवले, शेजारी पाच सुटे हीर ठेवले, आणि मधल्या जागेकडे बघत राहिला. दहाचा गठ्ठा तिथे नव्हता. मग त्याने पाटीवर मधे शून्य काढलं.

शेवटची पंधरा मिनिटं वहीला. खेळात आले नव्हते असे चार आकडे लिहायला द्या, ४०७, ६०२ असे. खेळात जमलं आणि वहीत जमलं नाही, तर अजून जमलेलं नाही.

दोन इयत्ता एकाच खोलीत असतील तर तिसरी-चौथीचा खेळ चालू असताना पहिली-दुसरीला टीव्हीकडे पाठ करून गोलात बसवा आणि चिंचोके किंवा काजूच्या बियांचे ढीग मोजायला द्या. नंतर जागा बदला. तिसरी-चौथीच्या एकेका मुलाला धाकट्यांच्या गोलात ‘मोजणी बघणारा’ नेमलं की गोंगाट पुष्कळ कमी होतो.

सातवी पायरी: खेळ संपल्यावरची नोंद

अ‍ॅपमधला अहवाल रंगीत असतो, पण आठवड्याने तो कुणी उघडत नाही. साध्या वहीत त्याच दिवशी तीन गोष्टी लिहा: कुठला चुकीचा पर्याय किती जणांनी निवडला, त्यातली कोण मुलं दोनदा चुकली, उद्या त्यांच्याबरोबर काय करणार. दोन आठवड्यांनी तोच प्रश्न आकडे बदलून पुन्हा विचारा. जिंकणाऱ्यांची यादी मी भिंतीवर लावत नाही. एकदा लावली होती, तेव्हा खाली राहिलेल्या मुलांनी पुढच्या वेळी कार्ड धरायलाच नकार दिला.

मुलांची माहिती आणि घरचा फोन

कुठल्याही अ‍ॅपमध्ये मुलाचं पूर्ण नाव, फोटो, जन्मतारीख घालू नका. हजेरी क्रमांक पुरतो. अनेक सेवांमध्ये स्वतःचं खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून खातं शिक्षकाचं आणि मुलं पाहुणे म्हणून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे, आणि मुलांचा माग काढणं किंवा त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती दाखवणं याला मनाईची तरतूदही आहे. माहिती घेतलीच नाही तर ती सांभाळायची काळजीही राहत नाही.

खेळ गृहपाठ म्हणून देऊ नका असंच मी सांगेन. घरात एकच फोन असतो, तो बाबांबरोबर कामावर जातो आणि अंधार पडल्यावर परत येतो. काही घरांत तोही नसतो. दिलाच तर ऐच्छिक द्या. पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) बैठकीत पालकांना खेळ प्रत्यक्ष खेळायला लावा, कार्डं त्यांच्या हातात द्या. त्यानंतर गटावर मी पाठवते तो निरोप असा:

‘नमस्कार. या आठवड्यात तिसरीची मुलं मधे शून्य असलेले आकडे शिकत आहेत. फोन हाताशी असेल तर रीड अलाँगमध्ये दहा मिनिटं गोष्ट वाचून घ्यावी, तुम्ही शेजारी बसावं. फोन नसेल तर काहीच अडत नाही. दुकानाच्या बिलावरचा, बसच्या तिकिटावरचा, गॅसच्या पुस्तकावरचा आकडा मुलाला वाचायला सांगा आणि उद्या तो आकडा वहीत लिहून पाठवा.’

या निरोपाच्या दुसऱ्या दिवशी बिलं, तिकिटं आणि एका आजीने जपून ठेवलेली विजेची पावती वर्गात आली. पुढच्या सहा प्रश्नांचे आकडे मी त्यांच्यातूनच घेतले.